पाळणाघराच्या भिंतीवरचे प्रमाणपत्र : तपासणी नेमकी कोणी केलेली असते?

पारिजातक (प्रश्न)

नमस्कार. पुढच्या महिन्यात माझी रजा संपते आहे आणि चौदा महिन्यांच्या मुलीला दिवसभर पाळणाघरात ठेवण्यावाचून आम्हाला दुसरा मार्ग नाही. पुण्यात घराच्या आसपासची तीन पाळणाघरे आम्ही पाहिली आणि त्यांतले एक मनात भरले. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन सदनिका जोडून ते चालवले जाते, जागा स्वच्छ आहे आणि सांभाळणाऱ्या बाया मुलांशी मायेने वागताना दिसल्या. आरोग्य आणि सुरक्षेबद्दल विचारल्यावर मात्र संचालिकाबाईंनी भिंतीवर चौकटीत लावलेल्या दोन कागदांकडे बोट दाखवले आणि "आमची सरकारी तपासणी झालेली आहे" एवढेच सांगितले. घाईत मला ते कागद नीट वाचता आले नाहीत. एकावर दुकाने व आस्थापना असे काहीसे शब्द होते आणि दुसऱ्यावर चौदा अंकी क्रमांक होता.

माझा प्रश्न असा आहे की, खासगी पाळणाघराची तपासणी महाराष्ट्रात कोणते खाते करते, ती किती दिवसांनी होते आणि तिचा अहवाल पालकांना पाहायला मिळतो का? असे कोणी येतच नसेल, तर आपण स्वतः काय पाहावे?

जुनी_पर्यवेक्षिका

पारिजातक, मी एकात्मिक बालविकास सेवा योजनेत मुख्यसेविका म्हणून बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे सरकारी बाजू थोडी सांगू शकते. अंगणवाडी असेल, तर मुख्यसेविका आणि तिच्या वर बालविकास प्रकल्प अधिकारी अशी देखरेखीची साखळी असते. भेटी होतात, नोंदवह्या पाहिल्या जातात, वजने पुन्हा घेऊन पडताळली जातात. ही देखरेख नेहमी चोख असते असा माझा दावा नाही, पण जाब विचारण्यासाठी निदान एक माणूस असतो. तुम्ही पाहिलेल्या खासगी पाळणाघरासाठी राज्यात असा एकच कायदा नाही आणि ठरावीक मुदतीने दार ठोठावणारा एकच निरीक्षकही नाही.

तुम्ही वर्णन केलेले दोन्ही कागद मला ओळखीचे वाटतात. पहिला म्हणजे आपण ज्याला गुमास्ता म्हणतो तो असावा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या लहान आस्थापनेने फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते आणि तिची पोच मिळते. चौदा अंकांचा क्रमांक अन्नसुरक्षा नोंदणीचा असतो आणि लहान व्यवसायाला ही नोंदणी देताना प्रत्येक वेळी जागेची पाहणी होतेच असे नाही. दोन्ही कागद खरे आणि आवश्यक असतील, परंतु त्यांवरून स्वयंपाकघराच्या दाराला कडी आहे की नाही, हे कोणी येऊन पाहिले असा अर्थ काढता येणार नाही. नोंदणी आणि तपासणी हे दोन शब्द आपल्याकडे एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

तुमच्या कार्यालयात पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील, तर २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती लाभ कायद्यात आलेल्या आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत असलेल्या तरतुदीनुसार पाळणाघराची सोय करणे ही मालकाची जबाबदारी आहे आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा आहे. मनुष्यबळ विभागाला हे लेखी विचारून ठेवा. पुष्कळ जणी विचारतच नाहीत.

आणखी एक गोष्ट संचालिकाबाईंना अवश्य विचारा. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याखालच्या २०२० च्या नियमांत पाळणाघरांचा स्पष्ट उल्लेख आहे. कायम असो वा कंत्राटी, शिकवणारा असो वा झाडलोट करणारा, प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घेणे संस्थेवर बंधनकारक आहे. बदली बाईची पडताळणी झाली आहे का, हे विचारल्यावर पुष्कळ ठिकाणी शांतता पसरते.

बंबवाला

ताईंनी कागदांचे सांगितले आहे, मी आगीपुरते बोलतो. मी अग्निशमन दलात नोकरी केली असून निवृत्त झालो आहे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातून लागलेली आग गवताच्या छपरावर पसरली आणि ९४ मुले गेली. त्या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांतील अग्निसुरक्षेबाबत देशभरासाठी निर्देश दिले. सदनिकेत चालणारे पाळणाघर कोणी मनाने शाळा समजत नाही, आणि धोका नेमका तिथे आहे.

आपल्या राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार, ज्या इमारतींना तो लागू होतो त्यांच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दर वर्षी जानेवारी आणि जुलै असे दोनदा, परवानाधारक संस्थेकडून अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घेऊन सादर करायचे असते. त्याला 'प्रपत्र ब' म्हणतात. इमारतीच्या सोसायटीकडे ते आहे का, ते अलीकडच्या सहामाहीचे आहे का आणि त्यात पाळणाघराच्या दोन सदनिका धरल्या आहेत का, हे पाहावे.

तथापि कागदापेक्षा मी एक साधे गणित मांडेन. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणात तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक प्रौढ असे प्रमाण सांगितले आहे. आता बारा रांगती किंवा नुकतीच चालू लागलेली मुले आणि दोन बाया धरा. एक बाई एका खेपेत दोन मुले उचलू शकते, म्हणजे दोघी मिळून चार. जिन्याने खाली जाऊन, मुले कोणाच्या तरी ताब्यात देऊन परत वर यायचे, आणि हे तीन वेळा करायचे. दुसऱ्या खेपेपर्यंत जिन्यात धूर भरलेला असतो, आणि खाली ठेवलेल्या चार मुलांना कोण सांभाळते? हा प्रश्न मी पाहणीच्या वेळी विचारत असे, तेव्हा बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नसे. शेजारच्या सदनिकेत, खालच्या दुकानात किंवा पहारेकऱ्याकडे आधीच बोलून ठेवलेले असेल आणि महिन्यातून एकदा खरोखर मुले उतरवून पाहिली असतील, तरच उत्तर पटकन येते.

खिडक्यांना बाहेर आलेल्या लोखंडी जाळ्या असतील, तर त्यांतली एक तरी उघडणारी असावी आणि तिची किल्ली हाताशी असावी. अग्निशामक नळकांड्याच्या दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, ते पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही. गॅसचा सिलिंडर मुलांच्या बाहेर जाण्याच्या वाटेवर नको. दोन सदनिका जोडल्या आहेत असे तुम्ही लिहिले आहे. त्यांची दोन्ही मुख्य दारे वापरात आहेत, की एकापुढे कपाट लावले आहे? माझ्या अनुभवात कपाटच सापडते.

ओसरी

मी ठाण्यात गेली नऊ वर्षे पाळणाघर चालवते, म्हणून दुसरी बाजू मांडणे मला भाग आहे. आमच्याकडे कोणी निरीक्षक येत नाही याचा आम्हाला आनंद होतो, असा समज असेल तर तो काढून टाकावा. नियम ठरलेले असते, तर एका बाईवर अठरा मुले टाकून माझ्या निम्म्या शुल्कात चालणाऱ्या जागेशी मला स्पर्धा करावी लागली नसती.

खारघरमध्ये २०१६ साली दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाल्यापासून प्रत्येक पालक पहिला प्रश्न सीसीटीव्हीचा विचारतो. कॅमेरा असावाच, आमच्याकडे आहे. मात्र त्या प्रकरणातही मारहाण कॅमेऱ्यात टिपली गेली होती आणि ती उघड झाली ती नंतर चित्रण पाहिल्यावर. बाई दमलेली असते, तिच्यावर मुले जास्त असतात, तिला दुपारी अर्धा तास पाठ टेकायला मिळत नाही, तेव्हा काय होते याचा विचार पालकांनी करावा. बाई किती महिने टिकते आणि तिच्या सुट्टीच्या दिवशी कोण येते, हे विचारल्यास तुम्हाला अधिक कळेल.

आरोग्याच्या बाबतीत पालकांचाही वाटा आहे, हे मला नाइलाजाने लिहावे लागत आहे. सकाळी तापाचे औषध पाजून मूल सोडून जायचे आणि दुपारी ताप चढल्यावर फोन उचलायचा नाही, असे दर पावसाळ्यात घडते. हात, पाय आणि तोंडावर फोड येणारा संसर्ग अशाच एका मुलापासून सुरू होऊन आठवड्यात निम्म्या वर्गाला होतो. आजारी मुलाला परत पाठवणारे पाळणाघर पालकांना अडचणीचे वाटते, पण तुम्ही तेच निवडा.

न कळवता या, माझी हरकत नाही. फक्त दुपारी एक ते तीन या वेळेत मुले झोपलेली असतात, तेव्हा घंटा न वाजवता दारावर हलके टकटक करा.

धुक्यातले_गाव

मी इंग्लंडमध्ये एका नर्सरीत काम करते. इथे ऑफस्टेड ही सरकारी संस्था नोंदणीही करते आणि तपासणीही, आणि अहवाल कोणालाही वाचता येतो. दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक कर्मचारी लागतो, आणि मुले जागेवर असताना बालकांच्या प्रथमोपचाराचे पूर्ण प्रशिक्षण घेतलेली एक तरी व्यक्ती हजर असावी लागते. ते प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नवे करावे लागते. मुले जेवत असताना ती कर्मचाऱ्यांच्या नजरेच्या आणि कानाच्या टप्प्यात असावीत असा नियम आहे, कारण घशात घास अडकलेले मूल बहुतेक वेळा आवाजच करत नाही.

हे सगळे असूनही दोन तपासण्यांमध्ये काही वर्षांचे अंतर असते आणि मधल्या काळात कर्मचारी बदलून जातात, हेही सांगायला हवे. त्यामुळे इथले जाणते पालक अहवालावरची तारीख आधी पाहतात. तुम्ही तिथे द्राक्षे आणि शेंगदाणे कसे देतात ते विचारा. द्राक्ष उभे चिरून देतो आणि अख्खा शेंगदाणा देतच नाही, असे उत्तर न अडखळता आले, तर स्वयंपाकघरात कोणीतरी विचार केलेला आहे असे समजायला हरकत नाही.

पारिजातक

सर्वांचे मनापासून आभार. काल दुपारी साडेबारा वाजता मी न कळवता जाऊन आले. भिंतीवरचे कागद ताईंनी सांगितलेलेच निघाले, गुमास्त्याची पोच आणि अन्नसुरक्षा नोंदणी. अकरा मुले होती आणि दोन बाया, त्यांतली एक स्वयंपाकघरात. बंबवाला काका, दुसऱ्या सदनिकेच्या मुख्य दारापुढे कपाट नव्हते, चपलांचा मांडणीवजा रॅक होता आणि दाराला आतून कुलूप होते. जाळीची किल्ली संचालिकाबाईंच्या पर्समध्ये असते. नळकांड्याचा काटा लाल पट्ट्यात होता, आणि ते त्यांनाही माझ्याबरोबरच पहिल्यांदा दिसले. द्राक्षांचे उत्तर मात्र ताबडतोब आणि बरोबर आले.

मी जरा घाबरतच हे सगळे बोलून दाखवले. त्या रागावल्या नाहीत. रॅक तिथल्या तिथे हलवला, किल्ली दाराच्या वर खिळ्याला अडकवली आणि नळकांडे या आठवड्यात भरून घेते म्हणाल्या. बदली बाईच्या पोलीस पडताळणीचा अर्ज अजून केलेला नाही, हे त्यांनी स्वतःहून कबूल केले. अर्जाची पोच दाखवल्याशिवाय मुलीचे नाव घालणार नाही असे मी सांगितले आहे, आणि कामावर रुजू होण्याची तारीख दहा दिवस पुढे ढकलण्याची विनंती आज कार्यालयात केली आहे. पाळणाघराच्या सोयीबद्दलचे पत्रही त्याच वेळी दिले. मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी ते दोनदा वाचले आणि "हे असे आजवर कोणी मागितले नव्हते" असे म्हणून पोच दिली.