मालवणच्या प्रवाळांचा नकाशा: उपग्रह चित्रात प्रवाळ आणि सरगॅसम वेगळे होत नाहीत, मदत हवी आहे

खडपातली: सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ, वाळू आणि सरगॅसम शेवाळ कुठे आहे याचा नकाशा करतेय. पर्यटकांच्या होड्यांनी नांगर कुठे टाकू नये हे त्यावरून ठरवायचंय. सेंटिनल-२ उपग्रहाच्या चित्रात प्रवाळ आणि शेवाळ एकाच रंगात येतायत. सोमवारी मॅडमना दाखवायचंय, प्लीज लवकर सांगा.

नितळ: चित्र कधीचं? खोलीची दुरुस्ती केलीत? लाल प्रकाश काही मीटरांतच संपतो. निळा-हिरवा पट्टा घेऊन लायझेंगाची पद्धत लावा, म्हणजे पाण्याच्या खोलीमुळे रंगात पडणारा फरक वजा होतो.

गरुडझेप: सेंटिनलचा एक ठिपका १० मीटरचा. त्यात प्रवाळ काय दिसणार? सरळ ड्रोन उडवा.

नितळ: १९८७ पासून अभयारण्य आहे ते, परवानग्या लागतात. आणि २९ चौ. किमी ड्रोनने कधी पुरं होणार?

खडपातली: दुरुस्ती केलीय. चित्र डिसेंबरातल्या पौर्णिमेचं, ढग नव्हते. तारखेने काय फरक पडतो?

तांडेल: गो बाय, तिथीची पाऊणपट काढ, ती भरतीची वेळ. पंधराची सव्वाअकरा, म्हणजे पुनवेक तेव्हा पुरी भरती, पाणी जास्त खोल. तुझो उपग्रह पण अकराच्या सुमाराक येता मा? सप्तमी-अष्टमीचा चित्र घे, तेव्हा अकराक सुकती (ओहोटी) असता.

गरुडझेप: अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी. भांगाची ओहोटी उतरते तरी किती?

तांडेल: कमीच उतरता. पण पाण्याक ओढ नसता, गाळ उठणा नाय. उधाणाचा पाणी गढूळ.

भटकंती_ठाणे: मे महिन्यात स्नॉर्केलिंग चालू असतं का? मुलं लहान आहेत.

रापणकर: नकाशे कसले काढताय? आधी एलईडी दिव्यांनी मासे ओढणाऱ्यांची मासेमारी बंद करा, मग प्रवाळ बघा.

नितळ: तो वेगळा धागा काढा. @खडपातली, पाण्यात उतरून, तळाला काय आहे ते बघून नोंदवलेले बिंदू आहेत का?

खडपातली: आहेत, प्रवाळ आणि वाळूचे. शेवाळाचे नाहीत.

नितळ: मग संगणक शेवाळ ओळखणार कशावरून? सरगॅसम हिवाळ्यात माजतं, उन्हाळ्यात झडतं. प्रवाळ जागचा हलत नाही. डिसेंबर आणि एप्रिल, दोन्ही अष्टमीच्या आसपासची चित्रं शेजारी लावा. एप्रिलमध्ये जे नाहीसं होईल ते बहुतेक शेवाळ. तरी खात्रीला पुढच्या हिवाळ्यात शेवाळाचे बिंदू घ्याच.

खडपातली: एप्रिलचं स्वच्छ चित्र मिळालं, उतरवतेय. तांडेलकाका, होड्या नांगर टाकतात त्या जागा दाखवाल का? नकाशावर त्याच आधी तपासायच्यात.

तांडेल: सकाळी जेटीवर ये. होडीतसून दाखवतंय.