मदत हवी आहे: 697 इंजिनला टर्बो नेमका कुठं बसवावा?

नमस्कार मंडळी. निपाणीजवळचा आहे मी. घरची जुनी टाटा सहाचाकी, 697 इंजिन, बिनटर्बोचं: सहा सिलिंडर, 97 मिमी बोअर, 128 मिमी स्ट्रोक, 5675 सीसी. हंगामात ऊस, एरवी गूळ, खत, मिळेल ते भाडं. तवंदी घाटात भरली गाडी इतकी मरगळते की मागं रांग लागते आणि काळा धूर मागच्यांच्या तोंडावर जातो. आत्ता इंजिन खोललंय, लायनर-पिस्टन नवीन पडणार आहेत. टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बसवायचा तर याच वेळी.

टर्बो मिळालाय, जुन्या बाजारातला. शाफ्ट बोटानं फिरवून, हलवून बघितला, प्ले (ढिलेपणा) जवळपास नाही. अडलंय ते जागेवर.

मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळकांड्याच्या) खाली लटकवला तर पाइप सरळ सायलेन्सरला जातो, पण टर्बोचं तेल बाहेर पडायचं तोंड चेंबरमधल्या (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीतल्या) तेलाच्या पातळीपेक्षा जेमतेम वर राहतं. मॅनिफोल्डवर चढवला तर उंची भरपूर मिळते, पण बॉनेटला लागेल असं वाटतं. तिसरी जागा आमच्या मेस्त्रींनी सुचवली: लांब पाइप काढून मागं, केबिनच्या फळीजवळ. तिथं मोकळं आहे, पण ड्रायव्हरचे पाय भाजतील ही भीती. घाटात तापलेल्या इंजिनची धग आत्ताच सोसवत नाही.

मेस्त्री म्हणतात, "जागा आहे तिथं बसव, पाइप काय कसाही वळतो." मला ते पटत नाही. या इंजिनवर काम केलेल्यांनी सांगा की, आधी काय धरायचं आणि काय सोडायचं?

प्रतिसाद १

दादा, आधी तेलाचा परतीचा पाइप धरा. बाकी सगळं त्याच्या मागनं येतं. टर्बोत तेल दाबानं जातं, पण बाहेर पडताना दाब नसतो, नुसतं वजनानं खाली येतं. तेही नुसतं तेल नसतं. लाखाच्या घरात फेरे घेणाऱ्या शाफ्टनं घुसळून उकळत्या काहिलीतल्या रसासारखं फेसाळलेलं असतं. म्हणून आत जाणारी नळी बारीक चालते, परतीची नाही. आतून पाऊण इंच तरी ठेवा, मोठी असेल तर उत्तमच. कुठंही बाक, खळगा नको, उभ्या रेषेपासून फार कललेली नको आणि चेंबरला जिथं जोडाल ती जागा तेलाच्या पातळीच्या वर हवी. चढावर गाडी कलली की मागची पातळी वाढते, तीही धरा.

हे चुकलं की टर्बो बिघडल्यासारखं दिसतं. तेल तुंबतं, सील ओलांडून कॉम्प्रेसरच्या नळीत आणि सायलेन्सरमध्ये उतरतं, गाडी उभी असताना निळा धूर. माणसं टर्बो बदलतात, धूर तसाच. आमच्याकडं अशी गाडी आली होती. परतीची नळी सायफनसारखी वाकवलेली, ती सरळ करून मोठी केली, धूर थांबला.

म्हणजे तुमची खालची जागा बाद. मागचीही मला नको वाटते. टर्बो धुराच्या उष्णतेवर आणि ठोक्यांवर चालतो, लांब पाइपात दोन्ही मरतात आणि घाटात गियर टाकल्यावर दाब उशिरा येतो. शिवाय लांब पाइप तापून वाढतो, मग फ्लँज तडकतो.

वरची जागा घ्या. बॉनेटला लागतंय असं वाटलं तरी टर्बोची दोन्ही शिंपली (धुराच्या आणि हवेच्या बाजूची गोल कवचं) बोल्ट ढिले करून फिरवता येतात. मधला भाग तेलाचं तोंड खाली ठेवून पक्का करा, मग शिंपली हवी तिकडं वळवा. शाफ्ट आडवाच राहू द्या.

प्रतिसाद २

वरच्या अण्णांशी सहमत. एक भर घालतो. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, 1-5-3-6-2-4. पुढचे तीन आणि मागचे तीन सिलिंडर वेगळ्या नळ्यांनी टर्बोत आणलेत तर एकाच्या धुराचा ठोका दुसऱ्याला अडवत नाही. तुमच्या टर्बोचं तोंड दोन कप्प्यांचं आहे का बघा. असेल तर मॅनिफोल्डही तसाच दोन भागांचा घ्या. टाटानं याच मापाचं टर्बोवालं 697 काढलेलं आहे, जुन्या बाजारात त्याचा मॅनिफोल्ड शोधा. आपलं गॅस्केट त्यावर ठेवून भोकं जुळतात का बघूनच पैसे द्या. पत्र्याचा वेल्डिंग केलेला मॅनिफोल्ड घाटाच्या तापात टिकत नाही, बिडाचाच हवा.

सायलेन्सरचं वजन टर्बोवर टाकू नका. मध्ये लवचीक तुकडा घाला आणि पाइपाला चेसिसवर वेगळा आधार द्या. ब्रेकची नळी आणि वायरिंग लांब, मध्ये पत्र्याचा आडोसा.

पिस्टन नवे पडणारच आहेत तर टर्बोवाल्या इंजिनचेच मागा. डिझेल पंपाचं माप लगेच वाढवू नका. हवा वाढली तेवढ्यानंच धूर कमी होईल, मग पंपवाल्याकडून थोडं थोडं डिझेल वाढवा. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा: आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही. चिक्कोडीच्या आरटीओत काम सुरू करण्याआधी विचारा, विमा कंपनीलाही कळवा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. टर्बोचं तोंड पाहिलं, दोन कप्प्यांचंच आहे. आज मॅनिफोल्डवर लाकडी ठोकळा ठेवून टर्बो तात्पुरता टेकवला आणि बॉनेट सावकाश उतरवलं: कॉम्प्रेसरचं शिंपलं फिरवल्यावर दोन बोटं जागा राहते. तेलाच्या तोंडापासून चेंबरपर्यंत ओळंबा सोडला, मध्ये फक्त इंजिनचं माउंटिंग येतं, नळी त्याच्या पुढून जाईल. चेंबर काढलेलाच आहे, तेव्हा वेल्डिंग धुऊन-पुसून बाहेरच करून घेतो.

एकच राहिलं. इंजिन मागं थोडं कललेलं असतं, तर शाफ्ट आडवा आहे हे इंजिनच्या मानानं बघायचं की जमिनीच्या?

प्रतिसाद १

जमिनीच्या. गाडी सपाटीवर उभी करून लेव्हल लावा. तेल जमिनीकडंच पडतं.