डीएनए पूर्वज सांगतो, गाव नाही

डीएनए मिळाला की बेवारस मृतदेहाचं मूळ गाव निघतं, असं म्हटलं जातं. ते पटत नाही. डीएनएवरून पूर्वज कुठले याचा अंदाज येतो, माणूस कुठे वाढला ते कळत नाही. त्यासाठी दाताच्या एनॅमलमधल्या (वरच्या कठीण आवरणातल्या) स्ट्रॉन्शियम या धातूच्या ८७ आणि ८६ या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) गुणोत्तर बघतात. अन्नपाण्यातून येणारं हे गुणोत्तर तिथल्या खडकावर ठरतं: आपल्या काळ्या बेसाल्टवर कमी, जुन्या ग्रॅनाइटवर जास्त. पहिल्या दाढेचं एनॅमल तीनेक वर्षांच्या वयापर्यंत बनतं आणि मग बदलत नाही; अक्कलदाढ पुढचं बालपण सांगते. वरचा थर घासून टाकायचा, मग दहा-वीस मिलिग्रॅम भुकटी पुरते. ड्रिल खालच्या पिवळसर डेंटिनमध्ये घुसलं तर नमुना बिघडतो, कारण पुरलेल्या देहात डेंटिन मातीतलं स्ट्रॉन्शियम शोषून घेतं.

लंडनमध्ये २००१ साली थेम्स नदीत सापडलेल्या लहान मुलाच्या धडाला डोकंच नव्हतं, म्हणजे दातही नाहीत. तिथे हाडांवरच भिस्त ठेवावी लागली, आणि तरीही तपास नैर्ऋत्य नायजेरियापर्यंत पोचला. मात्र सारख्या खडकांचे प्रदेश जगात अनेक असतात, म्हणून ही पद्धत ‘इथला नाही’ हे जास्त ठामपणे सांगते. ऑक्सिजनची समस्थानिकं जोडीला घेतलीच पाहिजेत.