शिजियाझुआंगमध्ये राहिलेल्यांनो, लिहा

शांघाय-शेन्झेनबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. शिजियाझुआंगबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळालं नाही. हबेई प्रांताची ही राजधानी बीजिंगपासून सुमारे 300 किलोमीटर, वेगवान गाडीने सव्वा-दीड तास. रेल्वे येण्याआधी इथे खेडं होतं. आपले लोक जातात ते बहुतेक औषधांच्या कच्च्या मालाच्या कामाला. मला 2017 साली सात महिन्यांसाठी पाठवलं होतं. आमच्या कुरकुंभच्या प्लँटमधली दोन पोरं पुढच्या महिन्यात निघालीत, पहिल्यांदाच देशाबाहेर. त्यांच्यासाठी हा धागा.

सुरुवात माझ्यापासून. पहिल्या दिवशी दुपारी साडेबाराला बॅच रेकॉर्ड मागायला गेलो, तर दिवे बंद आणि सगळे टेबलावर डोकं टेकून झोपलेले. त्या झोपेला तिथे मान आहे, त्या वेळी कामाचा फोन करू नये. आणि ‘मेई वन्ती’, म्हणजे ‘काही अडचण नाही’, एवढ्यावर थांबू नका. प्रक्रियेत बदल ठरला की तापमान, वेळ, सगळं आकड्यांत लिहून दोघांच्या सह्या घ्या. आमची एक बॅच केवळ तोंडी बोलण्यामुळे वाया गेली.

*

मी मालवणची. पहिल्याच आठवड्यात एका खानावळीत भाजीचा घास घेतला आणि जीभ बधिर झाली. तो वास ओळखीचा होता: तिरफळ! तिथे त्याला हुआज्याओ म्हणतात, आपल्या तिरफळाचं सख्खं भावंडच. बांगड्याची आठवण येऊन डोळे भरले.
शाकाहारी असाल तर ‘दी सान शियान’ मागा: बटाटा, वांगं, ढोबळी मिरची. भाकरीत भरलेलं मांस दिसलं तर आधी विचारा, हबेईत गाढवाचं मांस आवडीने खातात.

*

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी दीड वर्ष होते, मुलगी दोन वर्षांची. ऑक्टोबर संपताना घर घेतलं आणि गारठलो. घरं तापवायचं गरम पाणी पाइपांतून साधारण 15 नोव्हेंबरला सुरू होतं, 15 मार्चला बंद. मधले पंधरा दिवस सगळे स्वेटर एकावर एक घालून काढले. धुरकं इतकं की काही दिवस समोरची इमारत दिसत नसे. खिडक्या बंद, लेक घरात.
खालच्या मजल्यावरच्या आजी रोज रागवायच्या. शब्द कळत नव्हते, पण मुलीचे पाय उघडे म्हणून, हे कळायचं. एके दिवशी त्यांनी कापूस भरलेली तुमान शिवून आणली. लेक त्यांना ‘नायनाय’ म्हणायची, म्हणजे आजीच. निघताना त्या दाराबाहेर आल्या नाहीत.

*

वरच्या ताईंना भेटल्या तशा आजी मलाही भेटल्या, पण मला सांगायचंय ते वेगळं. मी सोलापूरचा. टॅक्सीत ‘यिन्दू’, म्हणजे भारत, एवढं म्हटलं की वयस्कर चालक मागे वळून म्हणायचा, “के दीहुआ!” हे चिनी नाव म्हणजे आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जपानशी युद्ध चालू असताना 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि तिथेच राहिले. 9 डिसेंबर 1942 ला वारले तेव्हा वय होतं 32. मुलाचं नाव यिनहुआ, भारत आणि चीन मिळून.
त्यांची समाधी शिजियाझुआंगच्या हुतात्म्यांच्या दफनभूमीत आहे, त्याच युद्धात तिथे काम केलेले कॅनडाचे डॉ. बेथ्यून यांचीही तिथेच. एप्रिलमध्ये छिंगमिंगला, पितरांच्या दिवशी, गेलो. शाळेची मुलं रांगेने फुलं ठेवत होती. सोलापुरातल्या त्यांच्या घराच्या स्मारकात मी लहानपणी शाळेच्या सहलीने गेलो होतो. तेव्हा फळ्यावरचा धडा वाटला होता. समाधीपाशी मात्र पायातलं बळच गेलं. आईने दिलेली शेंगाच्या चटणीची पुडी पिशवीत होती. फुलांशेजारी ठेवली. रखवालदाराने पाहिलं, काही बोलला नाही.

*

मी त्या दोघांपैकी एक. सगळ्यांचे आभार. भाड्याच्या घरात उतरलो तर 24 तासांत पोलिसांकडे नोंद करायची, हे कंपनीने सांगितलंय. 9 डिसेंबरला आम्ही तिथेच असू. सोलापूरच्या दादा, ती चटणी कुठल्या दुकानातली?