परवडणारी, कुठेही मिळणारी चांगली रेड वाईन : अनुभव लिहा

गंगापूर_रोड
दिंडोरीकडे द्राक्षतोडणी सुरू झाली की हा विषय हटकून आठवतो. माझी यादी, सगळ्या इथल्याच कंपन्या : सुलाची शिराज-कॅबर्ने (दोन्ही द्राक्षांच्या जाती), फ्रटेलीची क्लासिक शिराज. थोडे जास्त पैसे असतील तर ग्रोव्हर झाम्पाची ला रिझर्व. लेबलवरचं साल बघाच. या किमतीतली रेड ठेवून मुरत नाही, उलट फळाचा स्वाद उडतो. दोन-तीन वर्षांच्या आतली घ्या.

खडीसाखर
सालाच्या आधी दुकान बघा! काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली बाटली नको. तापल्यावर वाईन प्रसरण पावते, बूच वर सरकतं, मानेवर चिकट ओघळ दिसतो. अशा बाटलीला उकडलेल्या मनुकांची चव येते. खप असलेल्या दुकानात जा, आतल्या खोक्यातली मागा.

रानजाई
आणि स्क्रू कॅप असेल तर तीच. बुचामुळे येणारा ओल्या पुठ्ठ्याचा वास जवळजवळ टळतो.

मे_महिना
रेड १६ ते १८ अंशांवर प्यायची. आपल्याकडे उन्हाळ्यात घरात ३४ असतं, मग नुसतं अल्कोहोल नाकात जातं. दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, बस्स. उघडल्यावर जळक्या रबराचा वास आला तर फेकू नका. जगमध्ये उंचावरून ओता, २० मिनिटं थांबा. बऱ्याचदा जातो.

पंचगंगा
मटणासोबत कुठली?

खडीसाखर
@पंचगंगा सुकं मटण असेल तर शिराज, चरबीमुळे तुरटपणा मऊ होतो. तांबडा रस्सा असेल तर १४ टक्के अल्कोहोलवाली नकोच, तिखटाचा जाळ वाढतो. कमी तुरट, जरा जास्त गार बाटली घ्या.

पंचगंगा
रस्साच आहे 🙏 धन्यवाद ताई

सातासमुद्रापार
इकडे युरोपात रिओहा क्रियान्सा ही स्पेनची रेड प्रत्येक सुपरमार्केटात. किमान दोन वर्षं मुरवलेली, त्यातलं एक ओकच्या लाकडी पिंपात. या भावात इतकं काम झालेली दुसरी क्वचितच मिळेल.

गंगापूर_रोड
भारतात त्यावर १५० टक्के मूळ आयात शुल्क असायचं, म्हणून आपल्याकडे परदेशी स्वस्त बाटलीत निम्म्याहून जास्त पैसा करातच. ऑस्ट्रेलियाशी २०२२ च्या करारानंतर ५ डॉलरच्या वरच्या वाईनवर ते टप्प्याटप्प्याने उतरतंय. तोवर त्याच पैशांत नाशिक-अकलूजची चांगली येते.

चहाबाज
बूच अर्ध्यात तुटलं!! पाहुणे बसलेत

रानजाई
उरलेलं चमच्याच्या दांड्याने आत ढकला, चहाच्या गाळणीतून जगमध्ये ओता. चवीला काही होत नाही.

चहाबाज
झालं 😀 अर्धी उरेल, किती टिकते?

रानजाई
हवा लागली की आंबट होते. लहान बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस. त्यानंतर रश्श्यात घाला. दोघंच असाल तर पुढच्या वेळी ३७५ मिलीची मागा.