जुगाराचे कर्ज आणि बांबोळीची वाट : अनुभव सांगावेत

मांडवीतल्या कॅसिनोंवर गोव्यात पुष्कळ बोलले जाते. मटक्यावर, जत्रेतल्या जुगाराच्या पटावर आणि मोबाइलवरच्या रमीवर मात्र घराच्या उंबरठ्याबाहेर कोणी बोलत नाही. माझ्या थोरल्या भावाचे कर्ज आम्ही तीन वेळा फेडले आणि तिन्ही वेळा ते नव्याने झाले. कोणी यातून बाहेर पडले असेल, तर कसे ते नाव न देता लिहावे.

डिचोली, गृहिणी :
माझे यजमान खासगी बसवर कंडक्टर आहेत. कपडे धुण्याआधी खिसे तपासताना एकदा तिकिटाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले दोन आकडे आणि त्यांखाली 500 दिसले. बसचा हिशेब आहे, असे ते म्हणाले आणि मी विश्वास ठेवला. मटक्यात दोन आकड्यांची जोडी लावतात; पहिला आकडा ओपन, दुसरा क्लोज. ओपन लागून क्लोज एका आकड्याने चुकला की त्यांना हरल्यासारखे वाटतच नसे; 'आज हाताशी आले होते' म्हणत ते दुसऱ्या दिवशी दुप्पट लावत. आमच्याकडे जोडीवर एका रुपयाला 70 मिळत आणि जोड्या असतात शंभर, हे सातवीतल्या मुलीने वहीत मांडून दाखवले, तरी ते थांबले नाहीत, कारण प्रश्न गणिताचा राहिलाच नव्हता. सासऱ्यांनी काजूची बागायत गहाण टाकून देणी चुकवली आणि चार महिन्यांत वसुलीवाला पुन्हा दारात आला. बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयात न्यायचे ठरल्यावर 'त्याला काय वेड लागलेय?' असे सासूबाई रडून विचारत होत्या. तिथल्या डॉक्टरांनी, हा दारूसारखाच व्यसनाचा आजार आहे, असे समजावले. पगाराचा व्यवहार माझ्या हाती द्यायला आणि कोणाचे किती देणे आहे ते यजमानांनी स्वतःच्या हाताने लिहायला सांगितले. ती यादी पुरी व्हायला दोन रात्री लागल्या.

पर्वरी, नोकरदार, वय 24 :
माझा जुगार कोणाला दिसला नाही, कारण तो मोबाइलवर, पांघरुणाखाली चालत असे. पासबुक छापून घेतले तेव्हा चार पाने नुसती दोनशे-पाचशेच्या नोंदींनी भरली होती. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला, ॲप बंद पडले आणि मला सुटल्यासारखे वाटले. आठवड्याभरात टेलिग्रामवर दुसऱ्या साइटची लिंक आली. शेवटी रात्री दीड वाजता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या बाईंनी पैशांचे काही विचारण्याआधी, जीव द्यावासा वाटतो का, असे मराठीत विचारले. वाटत होते.

पणजी, कॅसिनोतील माजी कर्मचारी :
फेब्रुवारी 2020 पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला मनाई आहे. मी आत होतो तो पत्ते वाटायला. गेलेले पैसे काढायला थांबलेला माणूस मी चेहऱ्यावरून ओळखत असे. नोकरी सुटल्यावर जत्रेत पटापाशी मी तसाच उभा होतो, ते बहिणीने ओळखले.

फोंडा, निवृत्त शिक्षक :
चवथीला आमच्याकडे पत्ते होतात. मी खिशात 200 रुपये ठेवतो, मोबाइल आत ठेवतो, आणि ते संपले की उठतो. उसने घेत नाही. मला हे जमते, माझ्या पुतण्याला जमत नाही, म्हणून गेल्या चवथीपासून तो असेल तेव्हा पत्ते काढतच नाही.

सर्वांचे लिहिणे भावाला वाचून दाखवले. तो चौथ्यांदा पैसे मागायला आला होता. पैसे दिले नाहीत. सोमवारी रजा टाकून त्याच्यासोबत बांबोळीला जात आहे. देण्यांची यादी लिहायला त्याने वही मागून घेतली आहे.