मोन्द्रियान यांच्या चित्रातील लाल चौरस आणि तोल

प्रश्न (रेघोटी):
डच अमूर्त चित्रकार पीट मोन्द्रियान यांच्या १९३० मधील लाल, निळ्या आणि पिवळ्या रंगांच्या रचनेत (झुरिकच्या कुन्स्टहाउस या कलासंग्रहालयातील) उजवीकडे वरचा बहुतेक भाग एकट्या लाल चौरसाने व्यापला आहे, तर निळा खाली डाव्या कोपऱ्यात आणि पिवळ्याचा जेमतेम तुकडा खाली उजवीकडे आहे. वाटणी इतकी विषम असूनही चित्र कलंडत का नाही? यामागे सुवर्ण गुणोत्तर (सुमारे १.६१८ : १ हे सुंदर मानले जाणारे प्रमाण) आहे, असे सांगितले जाते. ते खरे मानावे का?

उत्तर (कोरा कॅनव्हास):
गुणोत्तराचा नाद सोडावा. मोन्द्रियान रेघा नजरेने सरकवत आणि पुन्हा रंगवत. लाल चौरस एवढा मोठा आहे की त्याचा मध्य चित्राच्या मध्यापासून फारसा दूर जात नाही, उलट निळा आणि पिवळा कडेच्या कोपऱ्यांत आहेत. तराजूच्या दांडीवर लहान वजन टोकाला सरकवले की ते मोठ्याला पुरते, तसेच हे आहे. शिवाय डावीकडची आखूड आडवी रेघ इतरांपेक्षा जाड आहे. छापील प्रतीत हे सहसा नजरेतून निसटते, आणि पांढऱ्याच्या छटा तर हमखास हरवतात.

उत्तर (तिरपी रेघ):
वजनाची उपमा पटते, पण अपुरी वाटते. रंगांना बाहेरच्या बाजूने काळी चौकट नाही, त्यामुळे लाल रंग कॅनव्हासबाहेरही पसरत असल्याचा भास होतो. मग तोल नेमका कशाचा मोजायचा? मोन्द्रियान यांचेच ‘न्यूयॉर्क सिटी १’ हे रंगीत चिकटपट्ट्यांचे अपूर्ण चित्र अनेक दशके उलटे टांगलेले असावे, असे मत २०२२ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयातून मांडले गेले. पट्ट्या निखळण्याच्या भीतीने ते तसेच ठेवले आहे. इतकी वर्षे ते कोणाला खटकले नाही, ही गोष्ट मला तरी अस्वस्थ करते.

उत्तर (कोरा कॅनव्हास):
ते चित्र जाळीसारखे सर्वत्र सारखे विणलेले आहे, म्हणून ते उलटे चालून गेले. १९३० चे चित्र उलटे धरून पाहावे: लाल रंग खाली बसतो आणि चित्र जड, निवांत होते. वर असताना त्याच्यात जो ताण होता, तो उरत नाही.

रेघोटी:
पिवळ्या तुकड्यावर बोट ठेवून पाहिले. खालचा उजवा कोपरा एकदम रिकामा पडला आणि सगळे चित्र डावीकडे, निळ्याकडे ओढले गेले.